बोंबलाची बाजू

बाई पक्क्या शाकाहारी. अंडं घातलेला केकसुद्धा त्यांना चालत नसे. आणि तरीही बोईसरच्या मासळी बाजारात त्यांच्याइतकं चोखंदळ गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. कल्ले उघडून रंग बघायचा, पोट दाबायचं, नाकाशी नेऊन हुंगायचं, आणि मग घोळीचं एक डोकं, दोन चिंबोऱ्या, मूठभर शिंपल्या आणि चार बोंबील एवढा माल पिशवीत घालून निघायचं, हा त्यांचा शनिवारचा नेम. बरोबर मी. मी मूळची देवगडकडची, त्यामुळे मासळी दिसली की माझं मन आधी कढईकडे धावतं. बाईंचं मन खड्ड्याकडे धावायचं.

"डोक्याचं कालवन करनार काय, बाय?" एकदा एका नव्या मासेवालीनं प्रेमानं विचारलं.

"नाही हो. पुरणार आहे."

मासेवालीनं माझ्याकडे बघितलं. मी शेजारच्या टोपलीतली कोलंबी निरखायला लागले.

बाई आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि मी वनस्पतीशास्त्र. दोन्ही विभागांना मिळून प्रयोगशाळा एकच. त्यांच्या कपाटातल्या हाडांचा वास माझ्या कपाटातल्या वाळवलेल्या पानांना लागायचा आणि त्यावरून आमची पहिली भांडणं झाली. पुढे मला वासाची सवय झाली, मग बाईंचीही झाली. बार्शीकडून नोकरीसाठी आलेली ही बाई इथला समुद्र बघून इथलीच झाली होती. बाकी सगळा स्टाफ बोईसर स्टेशनच्या आसपास फ्लॅट घेऊन राहायचा. बाई मात्र घिवलीच्या अंगाला, किनाऱ्यावरच्या एका लहानशा वस्तीत, बोईसरच्याच बाजारात मासळी विकणाऱ्या एका बाईच्या घरात भाड्यानं राहिल्या. त्या घरमालकिणीला सगळी वस्ती मावशी म्हणायची, म्हणून आम्हीही मावशीच म्हणत असू.

मावशीच्या घरामागे वाळूचं एक मोठं आवार होतं. थंडी पडली की तिथं बांबू उभे राहायचे, दोऱ्या ताणल्या जायच्या आणि दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून त्या दोऱ्यांवर टांगले जायचे. वस्तीतल्या सगळ्या बायांची मासळी इथंच सुकायची. या जागेला त्या खळं म्हणत. वस्तीतल्या कितीतरी घरांची चूल या खळ्यावर पेटायची. पुढे हेच खळं हातचं जायला निघालं होतं आणि बाईंची खरी ओळख मला तेव्हा पटली. ते सांगायचंच आहे, पण आधी खड्डे. कारण खळ्याच्या एका कोपऱ्यात, मावशीच्या परवानगीनं आणि मावशीच्या शिव्या खात, बाईंचे खड्डे असायचे.

"खायाचा नाय तं घेतस कशाला?" मावशी पदर खोचून उभी राहायची. "चांगला बोंबील मातीत घालतस. पाप लागल तुला!"

"लागू दे. मला बघायचंय, याचं काय उरतं."

"काय उरनार? बोंबील तो. निसता पानी हाय."

"तेच तर, मावशी. तेच तर!" असं म्हणून बाई खूश होऊन खड्डा बुजवायच्या आणि वर खूण म्हणून कौलाचा तुकडा खोचायच्या.

मी एकदा न राहवून विचारलं, की हे नक्की चाललंय काय. बाईंनी मला वाळूतच बसवलं. जीव मेला की त्याच्यावर सगळे तुटून पडतात, म्हणाल्या. खेकडे, जंतू, ऊन, लाटा. यातून वाचून दगड व्हायचं तर अंगात काहीतरी कठीण पाहिजे आणि अंगावर लवकर गाळ पडला पाहिजे. शिंपलीचं जमतं. चिंबोरीचा डेंगा, म्हणजे खेकड्याची नांगी, बऱ्यापैकी तग धरतो. मुशीचा, म्हणजे शार्कचा, सांगाडा कूर्चेचा, तो जातो, दात तेवढे राहतात. घोळीच्या डोक्यात, कानापाशी, पांढरे खडे असतात, ते टिकतात. आणि बोंबील? हाडं नावाला, अंग पाण्याचं. दात असतात, पण सुईच्या टोकाएवढे. "म्हणजे बघ," त्या म्हणाल्या, "हा अख्खा किनारा बोंबलावर जगतो. आणि काही लाख वर्षांनी कुणी इथं खणलं तर त्याला शिंपल्या सापडतील. तो लिहील, इथली माणसं शिंपल्या खाऊन राहायची. बोंबलाची बाजू मांडायला कुणी नसेल."

ती बाजू त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली होती. वर्षानुवर्षं त्या बोंबील पुरत होत्या, उकरत होत्या आणि दरवेळी काहीच सापडत नव्हतं. एकदा मात्र त्या सकाळी धावतच प्रयोगशाळेत आल्या, केसांत वाळू, हातात डबी. "सापडलं!" माझा तास चालू होता, तो तसाच टाकून मी भिंग आणलं. डबीत निळसर असं काहीतरी बारीक, लांब, तकतकीत होतं. मी बघितलं, त्यांनी बघितलं. जाळ्याचा नायलॉन होता. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "लिहून ठेव," म्हणाल्या, "या किनाऱ्यावर एके काळी निळा दोरा नावाचा प्राणी राहायचा. फार यशस्वी जात होती."

"सापडलं म्हणजे जास्त होतं असं नाही. टिकाऊ होतं, एवढंच," हे त्यांचं वाक्य आमच्याकडच्या प्रत्येक मुलाला पाठ असायचं. पहिल्याच तासाला त्या मुलांना डब्यात काय आणलंय ते विचारायच्या आणि त्यातलं काय उरेल ते सांगायला लावायच्या. चपाती गेली, बटाटा गेला, कोंबडीच्या हाडानं जरा आशा दाखवली. मग घरांची पाळी. बेटेगावच्या एका मुलीनं सांगितलं, की आमचं घर कुडाचं आहे, शेजारी काकाचं सिमेंटचं. "मग कुणाचं उरेल?" "काकाचं." "आणि पुढचे लोक काय म्हणतील?" मुलगी विचार करून म्हणाली, "इथं फक्त काकाच राहायचा." बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी टेबलावर थाप मारली. "शाबास! पण घरी जाऊन काकांना सांगू नकोस."

हे वेड वर्गापुरतं राहिलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण एका बैठकीत प्राचार्य सांगत होते, की मुलींच्या स्वच्छतागृहाबद्दल वर्षभरात एकही तक्रार आलेली नाही. बाई उठून उभ्या राहिल्या. "सर, तक्रार सापडली नाही म्हणजे त्रास नव्हता असं कोण म्हणालं? तक्रार ही मऊ वस्तू आहे. ती तुमच्या केबिनपर्यंत पोचेपर्यंत कुजते." प्राचार्य पाणी प्यायले. त्या महिन्यात नळ दुरुस्त झाले, आणि बाईंना पुढच्या दोन-तीन बैठकांचा निरोपच आला नाही. मी हे सांगितलं तर म्हणाल्या, "आला नसेल. की मध्येच कुजला?"

बाई लिंगायत. त्यांच्यात माणूस गेल्यावर जाळत नाहीत, पुरतात. हे एकदा मावशीच्या ओट्यावर चहा पिताना निघालं. बाईंनी उत्साहानं सगळी पद्धत सांगितली, की बसवून पुरतात, विभूती लावतात, बेलाची पानं वाहतात, आमच्या गावाकडे मीठही घालतात.

मावशीची बशी तोंडाशीच राहिली. "मीठ घालतान? म्हंजे तू पन खारवूनच जानार की काय, बाय?"

बाईंना ठसका लागला. मला वाटलं, आता राग येईल. पण त्या माझ्या थपडा पाठीवर खात खात म्हणाल्या, "मावशी, तुम्ही माझ्या वर्गात असायला हव्या होत्या."

आता खळ्याचं. समुद्रावर फिरायला येणाऱ्यांच्या गाड्यांसाठी वाहनतळ करायचं कुणाच्या तरी मनात आलं आणि मोकळ्या जागा बघायला माणसं येऊन गेली. आली ती भर पावसाळ्यात. तेव्हा होड्या वर ओढलेल्या असतात, बांबू उतरवून माळ्यावर चढवलेले असतात, दोऱ्या गुंडाळून ठेवलेल्या असतात. खळ्यावर तेव्हा असतं ते फक्त गवत. त्यांनी आपल्या कागदावर 'मोकळी जागा' असं लिहिलं आणि ती गेली. महिनाभरानं ही बातमी वस्तीत आली तेव्हा मावशी ओट्यावर बसून राहिली होती. "माज्या सासूचा खळा हाय तो," एवढंच म्हणाली. "आता सुकवाचा कुठं? डोक्यावर?"

बाईंनी अर्ज लिहिला आणि मावशीला घेऊन कोळगावचं जिल्हा कार्यालय गाठलं. एकदा नाही, अनेकदा. शेवटी एक अधिकारी जागा पुन्हा बघायला यायला तयार झाले, पण ते येणार होते नारळी पौर्णिमेच्या जरा नंतर. तेव्हाही बोंबील सुकवायला अजून अवकाश असतो. बाईंनी सगळ्या बायांना गोळा करून बजावलं. "कुणी कशाला हात लावायचा नाही. खांबांचे खड्डे, कुजलेल्या दोऱ्या, खवलं, जे जिथं पडलंय ते तिथंच राहू दे. तेवढंच आपल्या बाजूनं बोलेल." सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्या सकाळी छान उघडीप होती. मी बोईसरहून पहिली रिक्षा धरून पोचले, तेव्हा बाई खळ्याच्या कडेला नुसत्या उभ्या होत्या. मीही खळ्याकडे बघितलं.

खळं लखलखत होतं. बाई आदल्या दिवशी कॉलेजातून अंधार पडल्यावर परतल्या होत्या, तोवर बायांनी गवत उपटलं होतं, खवलं न् खवलं वेचलं होतं, दोऱ्यांचे तुकडे जाळले होते, खांबांचे खड्डे बुजवून वरून चोपले होते. पुढच्या भागावर शेणाचा सडा घालून मधोमध रांगोळी काढली होती. आणि रांगोळीच्या पलीकडे मावशी नवी साडी नेसून, वस्तीतल्या झाडून सगळ्या बायांना घेऊन, हसतमुखानं उभी होती.

"मावशी, मी काय सांगितलं होतं?" बाईंनी विचारलं.

"सायब येनार, आन् त्याला कचरा दाखवाचा?" मावशीला खरंच कळेना. "पावन्याला असा घान खळा दाखवला तं काय म्हनल तो आमाला?"

मला रडू यायचंच बाकी होतं. या बायांनी आपल्याच बाजूचा सगळा पुरावा मान राखण्यासाठी झाडून टाकला होता. बाई रांगोळीकडे निघाल्या. मग त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, कारण सडा घातलेल्या जागेवर चपला घालून चालणं त्यांना जमेना, आणि इतकंच विचारलं, "कचरा टाकला कुठं?"

"कुठं म्हंजे? नेमीच टाकतो तिथं. केवड्याच्या बुडाला."

"नेहमी म्हणजे? तुमच्या सासूबाई कुठं टाकायच्या?"

"तिथंच की."

बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. "कोयता आणा," त्या म्हणाल्या. "आणि फावडं."

साहेब आले. चाळिशीचे, सभ्य, थकलेले गृहस्थ. त्यांनीही रांगोळी बघून बूट काढले. सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "छान ठेवलीय जागा. पण मोकळीच आहे की."

मावशीचं हसू तिथंच विरलं. तिला तेव्हा कळलं. तिनं माझा हात धरला आणि तो ती सोडेना.

"साहेब," बाई म्हणाल्या, "जीव जिथं जगतो तिथं तो क्वचितच सापडतो. पाणी त्याला जिथं नेऊन टाकतं तिथं सापडतो. इथलं पाणी म्हणजे या बायांचे झाडू. या माझ्याबरोबर."

केवड्याच्या बुडाशी एक उंचवटा होता. मी इतकी वर्षं त्याला वाळूची टेकडी समजत होते. बाईंनी केवड्याची पानं कोयत्यानं बाजूला केली आणि फावड्यानं उंचवट्याची एक बाजू कापली. वर कालची झाडलोट. खाली काळपट वाळू, शिंपल्या, डेंगे, पुन्हा वाळू, पुन्हा डेंगे, मध्ये मध्ये घोळीचे पांढरे खडे, अगदी तळाशी जुन्या कौलांचा चुरा. एका पिढीनं झाडलेल्यावर दुसऱ्या पिढीनं झाडलेलं. साहेब वाकून बघू लागले. मला वाटलं, जिंकलो.

साहेब सरळ झाले. "मॅडम, यात शिंपल्या आहेत, खेकडे आहेत. अर्जात तुम्ही लिहिलंय, इथं बोंबील सुकवतात. बोंबील कुठंय?"

बायांमध्ये कुजबूज झाली. कुणी म्हणालं, "बोंबील कसा उरल?" पण ते साहेबांना उद्देशून म्हणायची हिंमत कुणाची होईना. आणि बाई? बाईंनी डोळे मिटले. हाच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून त्या इतकी वर्षं खड्डे खणत होत्या.

त्या साहेबांना आपल्या कोपऱ्यात घेऊन गेल्या; तेवढा बायांनी झाडला नव्हता. कौलाचा एक तुकडा उपटला, गुडघ्यांवर बसल्या आणि हातानं वाळू काढू लागल्या. मागच्या थंडीतला खड्डा होता. शिंपल्या निघाल्या, जशाच्या तशा. चिंबोरीचे डेंगे निघाले. घोळीचं डोकं विस्कटलेलं, पण दोन्ही खडे शाबूत. बाईंनी ते ओळीनं मांडले आणि शेवटी एक मूठ वाळू साहेबांच्या तळहातावर ठेवली.

"हा बोंबील."

"यात काही नाही."

"यातच चार होते. सगळ्यात जास्त तेच होते."

साहेब हसले, पण वाईट हसले नाहीत. "मॅडम, तुम्ही बोंबील पुरला होतात याला पुरावा काय?"

आता मात्र मावशीनं माझा हात सोडला. "पुरावा? मी हाय पुरावा! माज्या टोपलीतला बोंबील व्हता तो, ताजा फडफडीत. मी हिला शिव्या घातल्या, पाप लागल म्हनली. इचारा हिला! इचारा या सगल्यांना!" आणि मग मागच्या बायांना जे कंठ फुटले, ते ऐकण्यासारखे होते. सगळ्याच एकदम बोलू लागल्या. ही बाय येडी हाय, दर वर्साला पुरते, आमी आमच्या डोल्यांनी बघतो, आमच्या पोरी हिला हसतात, आमचा जीव जलतो. त्या बाईंची निंदा करत होत्या आणि प्रत्येक निंदेगणिक खळं सावरत होतं. साहेब हातातली वाळू न टाकता ऐकत राहिले आणि शेवटी वाळूतच मांडी घालून बसले.

"मला लिहायला काहीतरी दिसायला हवं हो," ते म्हणाले, पण आवाज बदलला होता.

"मग दिसतं तेव्हा या," बाई म्हणाल्या. "थंडीत."

ते आले. हे मी मुद्दाम सांगते, कारण न येणारे पुष्कळ असतात. पौषातल्या एका सकाळी ते टांगलेल्या बोंबलांच्या ओळींखालून वाकून चालत गेले. त्यांच्या शर्टाला जो वास लागला तो घरी कुणी काढू शकलं असेल असं मला वाटत नाही. कागदावरचं 'मोकळी जागा' खोडलं गेलं आणि तिथं 'मासळी सुकवण्याची जागा' असं आलं. गाड्यांसाठी दुसरीकडे सोय झाली. हे कळलं तो शनिवार होता, बाई बाजारात गेल्या आणि चार बोंबील घेऊन आल्या.

निवृत्तीनंतर बाई बार्शीकडे भावाकडे गेल्या. जाताना कपाटातली सगळी हाडं मला देऊन गेल्या. माझ्या वाळवलेल्या पानांना आता कायमचा तो वास आहे आणि मी तो काढायचा प्रयत्न करत नाही. फोनवर त्या पहिल्यांदा खड्ड्यांची चौकशी करायच्या, मग मावशीची, मग माझी. मला त्यात कमीपणा कधी वाटला नाही. अशी माणसं फार भेटत नाहीत, आणि मला ती रोज भेटत होती.

गेल्या थंडीत त्यांच्या भावाचा फोन आला. झोपेतच गेल्या. मी नको तो प्रश्न विचारला, की पुरलं तिथली माती कोणती होती. "काळी," तो गोंधळून म्हणाला. बाईंनी त्यावरून लगेच काहीतरी हिशेब मांडला असता. मला तो येत नव्हता आणि मी फोन हातात धरून खूप रडले.

मावशीला फोनवर सांगवेना, म्हणून मी गेले. खळं भरलेलं होतं, दोऱ्या वाकल्या होत्या. मावशी टोपलीपाशी बसून बोंबलांच्या जोड्या लावत होती. मी सांगितलं. तिचे हात थांबले.

"जालली?"

"नाही. त्यांच्यात पुरतात ना."

"बसवून?"

"हो."

"मीठ घातला?"

"घातलं असेल."

मावशीनं मान हलवली. मग टोपलीत हात घालून तिनं चाचपून चाचपून सगळ्यात मोठा, ताजा बोंबील निवडला, उठली आणि बाईंच्या कोपऱ्यात गेली. तिथं वाकून तिनं हातानंच खड्डा केला, बोंबील आत ठेवला, वाळू लोटली आणि आजूबाजूला शोधून कौलाचा एक तुकडा वर खोचला.

"मावशी," मी म्हणाले, "याचं काही उरणार नाही."

"म्हाइत हाय," मावशी हात झटकत म्हणाली. "नाय उरनार. पन व्हता ना."